गॅलरीत जाण्याआधी दप्तर बघा

माझी भाची गेल्या फेब्रुवारीत आमच्या इमारतीतला दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट बघायला आली. दार उघडल्याबरोबर ती सरळ गॅलरीत गेली. समोर उद्यान, शिरीषाची भली मोठी छत्री, खाली मुलं घसरगुंडीवर. "मावशी, घेतलाच समज," म्हणाली. मी तिला तळमजल्यावर माझ्या घरी आणलं, चहा टाकला आणि कपाटातून सोसायटीचं दप्तर काढून तिच्यापुढे ठेवलं. तीन तास बसलो. त्या दिवशी तिला जे सांगितलं आणि नंतर जे आठवलं, ते सगळं इथे लिहिते आहे. नाशकात गंगापूर रोड, कॉलेज रोड, शरणपूर रोड या भागात अशा जुन्या सहकारी इमारती बऱ्याच आहेत. तिथे घर घेणाऱ्यांना उपयोग व्हावा.

मी ३१ वर्षं बँकेत नोकरी केली आणि ११ वर्षं या सोसायटीची सचिव होते. आमची इमारत १९८१ साली पुरी झाली. तळमजला आणि वर तीन मजले, एकूण बारा घरं. छत साडेदहा फूट, जमिनीला मोझॅक, सागवानी खिडक्या, हवेशीर जिना. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळायचं. त्यावरचं सरकारी नियंत्रण अंशतः उठलं ते १९८२ साली. आमचे हे आणि बाकीचे अकरा जण पोत्यांसाठी कचेरीत किती खेटे घालायचे, ते मी पाहिलं आहे. त्या काळची इमारत घेताना एक लक्षात ठेवा: खोल्या ऐसपैस मिळतात, पण काँक्रीटच्या पोटात काय आहे ते नुसतं बघून कळत नाही.

माझा भाचा न्यूयॉर्कला सेंट्रल पार्कच्या कडेला अशाच जुन्या सहकारी इमारतीत राहतो. दुसऱ्या महायुद्धाआधी बांधलेल्या इमारतींना तिकडे 'प्री-वॉर' म्हणतात आणि त्यांना मोठा मान असतो. तिथे कागदोपत्री घर विकतच मिळत नाही. इमारतीची मालक एक कंपनी, तिचे शेअर तुम्ही घ्यायचे आणि त्या शेअरवर घराचा भाडेपट्टा मिळतो. घेणाऱ्याचे आयकराचे कागद, बँकेतली शिल्लक, ओळखीच्यांची पत्रं असा गठ्ठा मंडळापुढे जातो, मग मुलाखत होते. वंश, धर्म अशा कारणांवरून भेदभाव करायला कायद्याने मनाई आहे, पण एरवी मंडळ कारण न सांगता नकार देऊ शकतं. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० प्रमाणे गृहनिर्माण संस्थेचं सभासदत्व सर्वांना खुलं असतं, आणि सबळ कारण लेखी दिल्याशिवाय नाकारता येत नाही. तेव्हा "आमच्या कमिटीला विचारावं लागेल, आम्ही अमक्यांनाच घेतो" असं कोणी म्हणालं, तर घाबरून जाऊ नका.

हस्तांतरणाच्या पैशाचंही तसंच. महापालिका हद्दीत हस्तांतरण अधिमूल्य, म्हणजे आपण ट्रान्सफर प्रीमियम म्हणतो ते, जास्तीत जास्त २५,००० रुपये. हस्तांतरण फी ५०० आणि प्रवेश फी १००. त्यावर 'देणगी' म्हणून एक रुपया मागता येत नाही.

दप्तरात काय बघायचं

विकणाऱ्याकडून मूळ भागप्रमाणपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट, मागा आणि त्याच्या मागच्या बाजूला आजवर झालेल्या हस्तांतरणांच्या नोंदी सलग आहेत का ते बघा. मधली एखादी नोंद राहिलेली असेल तर विकणाऱ्याने ती आधी पुरी करून द्यायला हवी. दुसरा कागद मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) किंवा सात-बारा. त्यावर जमीन सोसायटीच्या नावावर आहे का? कित्येक जुन्या इमारतींत माणसं चाळीस वर्षं राहिली, पण जमीन मूळ मालकाच्या किंवा बिल्डरच्याच नावावर आहे. २००८ साली कायद्यात मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सची सोय झाली. बिल्डर सही देत नसेल तरी जमीन आपल्या नावावर करून घ्यायला सोसायटीला अर्ज करता येतो. तो केला आहे का आणि कुठवर आला आहे, हे विचाराच.

तिसरं, इतिवृत्ताचं पुस्तक. गेल्या पाच वार्षिक सभांची इतिवृत्तं वाचा. भाचीला वाटलं त्यात काय असणार, आणि तिला तिथेच सगळं सापडलं: कुठल्या घरात कोणत्या वर्षी गळलं, कोणाची थकबाकी आहे, पंप कितीदा जळला, कोणत्या विषयावर लोक भांडून उठून गेले. इतिवृत्तात दरवर्षी तोच गळतीचा विषय 'पुढील सभेत घेण्याचे ठरले' म्हणून येत असेल, तर त्या इमारतीत निर्णय होत नाहीत असं समजा.

चौथी गोष्ट जरा सविस्तर सांगते, कारण तिच्यात आमचे हात पोळले आहेत.

आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवायचा पैसा) दर वर्षी घराच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधी किमान पाऊण टक्का जमा करायचा असतो. वाचायला बरं वाटतं. पण बांधकाम खर्च कोणत्या सालचा? आमच्या एका घराचा खर्च तेव्हा ९०,००० रुपये होता. त्याचा पाव टक्का २२५ रुपये. वर्षाला २२५! बारा घरांचे २,७०० आणि चाळीस वर्षांचे एक लाख आठ हजार, वर व्याज. आम्ही कित्येक वर्षं हाच आकडा भरत राहिलो. लेखापरीक्षणात कधी शेरा आला नाही, कारण नियम पाळलेला होता. मी बँकेतली बाई, तरी माझ्याही ते ध्यानात आलं नाही.

२००८ साली उद्यानाच्या बाजूच्या एका छज्जाचा तुकडा खाली उभ्या स्कूटरवर पडला. ठेकेदाराने वरून प्लास्टर मारून रंग दिला आणि आम्ही निश्चिंत झालो. आतली सळई गंजत होती. गंज चढला की सळई फुगते आणि काँक्रीटला आतून ढकलते, म्हणून वरचं कितीही लिंपलं तरी ते पुन्हा सुटतं. चार वर्षांनी तीन ठिकाणी सुटलं. मग रीतसर स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं. काम निघालं १८ लाखांचं, घरटी दीड लाख, भरायची मुदत सहा महिने. तळमजल्यावर माझ्या समोर राहणाऱ्या काकू पेन्शनवर एकट्या. त्यांनी पैसे वेळेत भरले. पाटल्या मोडून भरले, हे त्यांनी मला दोन वर्षांनी सांगितलं. मी सचिव होते, रोज त्यांच्या दारावरून जात होते.

त्यानंतरच्या वार्षिक सभेत ठराव केला: दुरुस्ती निधी दरमहा घरटी १,५०० रुपये. वर्षाला दोन लाख सोळा हजार जमतात. उपविधीतला दर 'किमान' आहे, सर्वसाधारण सभेला तो वाढवता येतो. घर घेताना देखभाल खर्च कमी आहे म्हणून खूश होऊ नका. मुदत ठेवींच्या पावत्या दाखवा म्हणावं. इमारत चाळीस वर्षांची आणि ठेव तीन लाखांची असेल, तर उरलेला खर्च तुमच्या नावावर येणार आहे आणि तो घराच्या किमतीतून वजा करून बोलणी करा.

ऑडिटचा अहवालही मागा. इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांच्या पुढे तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करायचं, असं उपविधी सांगतात. अहवालात नुसतं 'स्थिती समाधानकारक' असेल तर तो पुरेसा नाही. काँक्रीटची ताकद बघणाऱ्या हातोडीच्या रिबाउंड आणि अल्ट्रासोनिक चाचण्या, सळईच्या गंजाची चाचणी यांचे आकडे खांबागणिक हवेत.

ऑगस्टात या

घर फेब्रुवारीत आवडलं तरी सौदा करण्याआधी एकदा ऑगस्टात बघून जा. आमचं उद्यान पश्चिमेला आहे. नाशकात पावसाचं वारं पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतं. शहरात इतरत्र समोरच्या इमारती ते झेलतात. आमच्यासमोर झेलायला काहीच नाही, पाऊस आडवा येऊन भिंतीवर आपटतो. जी बाजू बघून तुम्ही घर घेता, तीच भिंत सगळ्यांत आधी ओली होते. बॅटरी घेऊन या. कपाटाच्या मागे, खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात, पंख्याच्या हुकाभोवती बघा. लोणा लागून पांढरी पूड सुटली असेल किंवा पोपडे आले असतील, तर नुकताच दिलेला रंग तेवढ्यापुरताच आहे.

गळतीचा खर्च कोणाचा यावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा होतो. सोपं आहे. गच्चीतून, बाहेरच्या भिंतीतून, सामाईक पाइपातून येणारं पाणी सोसायटीने थांबवायचं. वरच्या घरातल्या न्हाणीघरातून किंवा सिंकखालून येणारं पाणी त्या घरमालकाने. पाणी कुठलं ते ओळखायला वरच्या न्हाणीघराचा वापर तीन दिवस बंद ठेवा. डाग वाळला तर वरचं, आणि फक्त पावसातच वाढत असेल तर भिंतीचं.

मजला कोणता? तळमजल्यावर उद्यानाच्या बाजूला डास जास्त, ओल जास्त, आणि फिरायला आलेल्यांची नजर सरळ घरात येते. मी गुडघ्यांमुळे खाली आले, एरवी आले नसते. सगळ्यांत वरच्या मजल्यावर एप्रिल-मेमध्ये रात्री अकरापर्यंत छत तापलेलं असतं. दुसरा मजला उत्तम. शिरीषाचा शेंडा बरोबर डोळ्यांसमोर येतो, त्याची पानं संध्याकाळी मिटतात ती दिसतात, आणि तांबटाचा आवाज दुपारभर सोबत करतो.

आत काय बदलायचं आणि काय नाही

ताबा मिळाला की आधी न दिसणाऱ्या गोष्टींवर पैसे घाला. पाण्याचे जी.आय. (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप चाळीस वर्षांत आतून गंजून करंगळीएवढे उरतात, ते सगळे काढून सीपीव्हीसीचे प्लास्टिक पाइप टाका. जुनी वायरिंग पंखे-दिव्यांपुरती होती. एसी आणि गीझरसाठी स्वतंत्र वायर, चांगलं अर्थिंग करून घ्या आणि विजेचा मंजूर भार वाढवून घ्या. बिडाचा सांडपाण्याचा पाइप सामाईक असतो, त्याला सोसायटीला विचारल्याशिवाय हात लावू नका.

मोझॅकवर टाइल बसवू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे. खालचा थर आणि टाइल मिळून एका चौरस मीटरला १०० किलोंच्या आसपास वजन वाढतं. चौदा बाय बाराच्या एका खोलीत ते दीड टनावर जातं. चार खोल्या, चार मजले असा हिशोब करा आणि मग त्या परमिटच्या सिमेंटच्या तुळया आठवा. मोझॅकला पॉलिश करून घ्या, चकाकतं. फक्त ऍसिडने कधी पुसू नका, त्यातल्या संगमरवरी खड्या विरघळतात आणि जमीन खरबरीत होते.

सागवानी खिडक्या पावसाळ्यात फुगून अडकतात. सुताराला बोलावून जुलैत रंधा मारून घ्याल, तर डिसेंबरात फटीतून बोट जाईल, आणि नाशकातली थंडी त्या फटीतून आत येईल. लाकूड वाळू द्या, दिवाळीनंतर दुरुस्त करा, जवसाचं तेल लावा. तीन पिढ्या टिकतील.

गॅलरी काचेने बंद करू नका. परवानगीचा प्रश्न आहेच. शिवाय उद्यानाचा वारा आत येण्याची वाट तीच आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एकांनी बंद केली, आता त्या दिवाणखान्यात मार्चपासून एसी चालतो.

उद्यान शेजारी आहे, आपलं नाही

१९९० च्या आसपास काही सभासदांनी मागणी केली होती की कुंपणाच्या भिंतीत छोटं फाटक करून थेट उद्यानात उतरावं. आमच्या ह्यांनी सभेत विरोध केला. उद्यान गावाचं आहे, आपण इतरांसारखंच फाटकातून जायचं. वळसा ४०० पावलांचा आहे, मी मोजला आहे. पुढे मला कळलं, त्या नकारामुळेच उद्यानातले माळी आणि आम्ही यांच्यात कधी तंटा झाला नाही.

झाडाची फांदी खिडकीला टेकली तरी स्वतः तोडायची नाही. झाडांच्या जतनाचा १९७५ चा कायदा आहे, वृक्ष अधिकाऱ्यांची परवानगी लागते. अर्ज फोटोसह एप्रिलमध्ये द्या. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या पहिल्याच वाऱ्यात मोडतं, तेव्हा जूनमध्ये धावाधाव करून उपयोग नाही.

पानगळीचं मात्र आपणच बघायचं. गच्चीवर वाऱ्याने पानं येतात आणि पाणी जायच्या तोंडाशी थर साचतो. एका रात्रीच्या पावसात गच्चीचं तळं होतं आणि मग वरच्या घरात गळतं. आमच्याकडे दोनदा साफसफाई ठरलेली आहे: मृगाच्या आधी, म्हणजे ७ जूनच्या आत, आणि पुन्हा १५ जुलैला. तोंडांना जाळ्या बसवल्या आहेत, पण जाळीवरही पान बसतं, माणूस वर जाऊन हाताने काढायलाच हवा.

पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळाचं बी भिंतीच्या फटीत पडतं. रोप बोटभर असतानाच काढा. दोन वर्षं थांबलात तर मूळ विटा फोडतं आणि वरून कापलं तरी पुन्हा फुटतं. पिंपळ उपटायला आमच्याकडे कोणाचा हात धजत नाही. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी तोड काढली. रोप मुळासकट काढायचं, डब्यात जगवायचं आणि श्रावणात माळीदादांच्या हाती द्यायचं. दोन झाडं आता त्यांनी दिलेल्या जागी चांगली वाढली आहेत.

आवाजाचं आधी मनाशी ठरवा. सकाळी साडेपाचपासून माणसं येतात. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे, पण माणसाच्या हसण्याला नाही. हास्यक्लब अगदी आमच्या भिंतीला लागून जमायचा. वरच्या मजल्यावरच्या मुलीची बारावी होती. मी तक्रारीचा कागद लिहायला घेतला होता, तो बाजूला ठेवला आणि सहाला खाली गेले. त्यांच्यातले सगळ्यांत वडील, त्यांना सगळे नाना म्हणतात, त्यांना म्हटलं, "नाना, लेकीची परीक्षा आहे, दोन महिने पलीकडच्या कोपऱ्यात बसाल का?"

नाना म्हणाले, "ताई, आधी सांगायचं ना! उद्यापासून तिकडे." ते गेले आणि पुन्हा इकडे आलेच नाहीत. पलीकडे सकाळी ऊन लवकर येतं, ते त्यांना मानवलं. निकालाचे पेढे मुलीने तिथे जाऊन वाटले.

रविवारी संध्याकाळी बाहेरच्या गाड्या आमच्या फाटकापुढे लागतात. पाट्यांनी फरक पडला नाही. फाटकाशी मक्याची कणसं भाजणारे दादा बसतात, त्यांना आम्ही पिण्याचं पाणी आणि संध्याकाळी दिवा दिला. आता गाडी लागायच्या आधीच ते हटकतात.

छज्जाखाली आग्या मोहोळ लागलं तर धूर करू नका, औषध मारू नका. संध्याकाळी त्या बाजूचे दिवे बंद, खिडक्या बंद, आणि माशा न मारता पोळं हलवणाऱ्या जाणकाराला बोलवा. गंगापूर रोडच्या भागात बिबट्या दिसल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. तेव्हा मुलांना अंधार पडल्यावर खाली सोडायचं नाही आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. बघायला गर्दी करायची नाही.

पुनर्विकासाचं पत्र आलं तर

उद्यानासमोरच्या जागेवर बिल्डरांची नजर असतेच. घर घेण्याआधी विचारा, असा प्रस्ताव सभेत आला आहे का. ४ जुलै २०१९ च्या शासकीय निर्देशांप्रमाणे पुनर्विकासाला एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्के संमती लागते. आमच्या बारा जणांत सात झाले की निर्णय होतो, आणि नव्या सभासदाला त्याच निर्णयाखाली राहावं लागतं. माझं मत विचाराल तर आधी ऑडिट, मग बोलणी. इमारत दुरुस्तीने वीस वर्षं उभी राहणार असेल तर घाई कशाला? आणि पाडायचीच ठरली, तर नव्या इमारतीत कोणत्या मजल्यावर आणि कोणत्या बाजूचं घर मिळणार, हे नोंदणीकृत करारात नकाशासह लिहून घ्या. 'उद्यानाभिमुख' असं तोंडी आश्वासन मिळालेल्या माझ्या एका मैत्रिणीच्या खिडकीसमोर आज पार्किंगचा रॅम्प आहे.

भाची ऑगस्टात परत आली, बॅटरी घेऊन. मोठ्या खोलीतल्या कपाटामागे हातभर ओल निघाली. तिने फोटो काढले आणि विकणाऱ्यांशी बोलून किंमत कमी करून घेतली. बाहेरच्या भिंतीच्या दुरुस्तीचा अर्जही लिहिला, तो विकणाऱ्यांच्या सहीने सोसायटीकडे दिला. ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा झाली, त्यात तो विषय मंजूर झाला. दसऱ्याला करार नोंदवला. दिवाळीनंतर ती राहायला आली तेव्हा गच्चीच्या किल्लीचा जादा जोड मी तिच्या हातात दिला. १५ जुलैची पाळी यंदा तिची आहे.